कांद्याची टरफलं आणि जिवाची घालमेल

फार्मसीच्या मुलांना मी जी प्रात्यक्षिकं शिकवली, त्यातलं एक तीस वर्षांत कधी शिळं झालं नाही. मेसमधून पिशवीभर कांद्याची टरफलं आणायची. तांबूस, कुरकुरीत, पंख्याच्या वाऱ्यानं टेबलभर उडणारी. ती चुरून अल्कोहोलमध्ये तासभर उकळायची. गाळलेला अर्क कोऱ्या चहासारखा दिसतो. त्यातला थोडा परीक्षानळीत घ्यायचा, मॅग्नेशियमच्या फितीचे दोन-चार बारीक तुकडे टाकायचे आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब नळीच्या कडेनं सोडायचे. नळी फसफसते, हाताला गरम लागते, आणि पिवळट पाणी बघता बघता नारिंगी होऊन लालबुंद होतं. मागच्या बाकावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला मुलगाही तेवढ्यापुरता उठून पुढे येतो. हिला शिनोडा चाचणी म्हणतात, आणि तिनं जे सापडतं ते फ्लॅव्होनॉइड. कांद्याच्या टरफलातलं मुख्य फ्लॅव्होनॉइड म्हणजे क्वेरसेटिन.

रंग उमटला की कुणीतरी विचारणारच, "सर, हे खाल्लं तर काय होतं?" सुरुवातीच्या वर्षांत या प्रश्नाला हृदयविकाराची पार्श्वभूमी असायची. पुढे कॅन्सरची आली. शेवटच्या सात-आठ वर्षांत मात्र प्रश्न बदलला. "सर, हे ॲन्झायटीवर चालतं का?" एका मुलीनं तर सॅकमधून क्वेरसेटिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलची बाटलीच काढून दाखवली. परीक्षेच्या आधी घेते म्हणाली. कुणी सांगितलं, तर एका व्हिडिओत होतं. मी तिला त्या दिवशी जे उत्तर दिलं ते मास्तरकीचं होतं: पुरावा अपुरा आहे, डॉक्टरांना विचार. खोटं नव्हतं, पण तिनं विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. तेव्हा राहिलेलं उत्तर द्यायला घेतलं आणि त्याचं हे पुस्तक झालं.

उत्तराचा गाभा इथेच सांगून टाकतो, म्हणजे घाई असलेल्यांची सोय होईल. काही माणसांच्या चिंतेमागे शरीरातली सूज असते, सगळ्यांच्या नसते. फ्लॅव्होनॉइडं सुजेवर काम करतात, याला प्रयोगशाळेत भरपूर आधार आहे. मग ती चिंतेवर उपयोगी पडतील का, हे तपासायचं तर सूज असलेली चिंताग्रस्त माणसं आधी वेगळी काढायला हवीत. आजवर बहुतेकदा ती वेगळी न काढताच औषध दिलं गेलं आहे. त्यामुळे "झाडपाल्यानं चिंता जाते" म्हणणारा आणि "हे सगळं थोतांड" म्हणणारा, दोघंही माझ्या मते उतावळे आहेत.

आता सविस्तर.

आधी शब्दांचा घोळ निस्तरतो. मराठीत काळजी, चिंता, घोर, धास्ती, धाकधूक, हुरहुर, घालमेल असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. मुलीला यायला उशीर झाला की काळजी. निकालाच्या आदल्या रात्री धाकधूक. पण काहीही कारण नसताना जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, आणि हे महिनोन् महिने चालतं, तेव्हा तो आजार असतो. मानसोपचारतज्ज्ञ त्याच्या एका प्रकाराला सार्वत्रिक चिंताविकार म्हणतात. या पुस्तकात चिंता म्हणजे ही.

सुजेचं तसंच. सूज म्हटलं की आपल्याला मुरगळलेला घोटा आठवतो. वैद्यकातला 'दाह' हा शब्द जास्त नेमका आहे, पण तो ऐकला की लोकांना ॲसिडिटी सुचते! म्हणून मी बहुतेक ठिकाणी सूजच म्हटलं आहे. जंतू शिरले, पेशी जखमी झाल्या, किंवा पोटाभोवती चरबी साठली, की प्रतिकारसंस्था सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडते. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा ही त्यातली नेहमीची नावं. डोळ्यांना दिसणारी सूज नसली तरी ही प्रथिनं रक्तात फिरत असतात. इंटरल्यूकिन-६ च्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी नावाचं प्रथिन तयार करतं, आणि ते कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये मोजता येतं. सीआरपीची गाठ पुन्हा पडणार आहे.

मराठीत या सगळ्यासाठी एक शब्द फार पूर्वीपासून आहे: कणकण. ताप नसतो. थर्मामीटर काही दाखवत नाही. पण अंग मोडून येतं, तोंडाला चव नसते, माणसं नकोशी होतात, आणि उगाच रडू येईलसं वाटतं. माझी आजी अंगावर हात ठेवून "कणकण आहे गो" म्हणायची तेव्हा त्यात शरीर आणि मन वेगळं काढलेलं नसायचं. पशुवैद्यकातल्या लोकांच्या हे आधी लक्षात आलं. बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली आजारी जनावरांच्या वागण्यावर लिहिताना मांडलं, की कोपऱ्यात मुटकुळं करून पडणं, न खाणं, कळप टाळणं हे काही निव्वळ अशक्तपणाचे परिणाम नव्हेत. शरीरानं जंतूंशी लढण्यासाठी योजलेलं ते वागणं आहे. फ्रेंच संशोधक रोबेर दांत्झेर आणि इतरांनी पुढे दाखवलं, की जंतू नसताना नुसती सायटोकाइनं टोचली तरी प्राणी तसंच वागतात.

माझा स्वतःचा अनुभव २००६ सालचा. त्या वर्षी महाराष्ट्रात चिकुनगुनियाची साथ होती आणि मी तिच्या तावडीत सापडलो. ताप चार दिवसांत उतरला, सांधे मात्र तीन महिने सुजलेले राहिले. सकाळी दात घासायचा ब्रश मुठीत धरवत नसे. पण मला आजही आठवते ती वेगळीच गोष्ट. रात्री मी तीन-तीनदा उठून दाराची कडी बघत असे. फोन वाजला की पोटात खड्डा पडायचा. मी मुळात निवांत माणूस, बायको म्हणाली, "तुम्ही असे कधीपासून झालात?" सांध्यांची सूज उतरली तशी कडी बघणंही थांबलं. एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच मुलांना शिकवतो. पण पुढे म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेतला प्रयोग वाचताना मी ओळीओळीला थांबलो, त्याचं कारण ती कडी होती.

तो प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. वीस निरोगी पुरुषांना एकदा जिवाणूच्या आवरणातलं विष अत्यल्प प्रमाणात, शरीराच्या दर किलोमागे ०.८ नॅनोग्रॅम, टोचलं आणि एकदा नुसतं मिठाचं पाणी. कधी काय टोचलं हे ना त्यांना माहीत, ना तपासणाऱ्याला. किंचित कसर आली. शारीरिक आजारपणाच्या तक्रारी मात्र वाढल्या नाहीत. तरीही विष टोचलेल्या दिवशी त्यांची चिंता वाढली, मन खिन्न झालं, स्मरणशक्तीच्या चाचण्यांत गुण घसरले. काही तासांनी सगळं पूर्ववत. रक्तातली सायटोकाइनं जितकी वाढली, त्या मानानं मनाची चलबिचलही वाढली होती. म्हणजे माणसाच्या बाबतीतही सूज आधी आणि चिंता मागाहून, असा क्रम असू शकतो.

मेंदूपर्यंत ही वर्दी पोचते कशी, त्यावर दुसरं प्रकरण खर्ची घातलं आहे. इथे एवढंच, की पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस ही मज्जातंतूंची जाडजूड दोरी निरोप्याचं काम करते, काही सायटोकाइनं थेट आत शिरतात, आणि आत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी जाग्या होतात. स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना हे नाव दिलं. मेंदूचे हे राखणदार एकदा बिथरले की स्वतःच सायटोकाइनं सोडू लागतात. पेशीच्या आत सुजेची जनुकं चालू करणारी जी कळ आहे, तिचं नाव एनएफ-कप्पा-बी. ती १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना सापडली. फ्लॅव्होनॉइडांच्या निबंधांत हे नाव इतक्यांदा येतं की वाचकाला वीट यावा. मी ते शक्य तितकं टाळलं आहे.

आता मूळ पात्राकडे. फ्लॅव्होनॉइडं हजारोंनी आहेत. नोंद झालेलीच सहा हजारांच्या वर. सगळ्यांचा सांगाडा एकच, पंधरा कार्बनचा. बैलगाडीची दोन चाकं आणि मधे आस असतो तशी दोन बेंझिनची वलयं आणि मधे तीन कार्बनचा दुवा. बहुतेकांत हा दुवा वळून त्याचंही वलय होतं. नाव आलं लॅटिनमधल्या पिवळ्या रंगाच्या शब्दावरून, पण सगळी पिवळी नसतात. त्यांच्यातलाच अँथोसायनिनांचा गट लाल, जांभळा, निळा असतो. आमसुलाचा रंग त्याचाच. सोलकढीत नारळाचं दूध पडलं की आगळाचा गर्द लाल रंग फिकट गुलाबी-जांभळा होतो, आणि शर्टावर पडलेला डाग साबण लागताच निळसर काळा पडतो. आम्ल-अल्क बदललं की हे रेणू रंग पालटतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या प्रत्येक घरात हा प्रयोग होत असतो, फक्त वहीत कुणी लिहून ठेवत नाही.

झाडं हे रेणू आपल्यासाठी करत नाहीत, हे सांगून ठेवलेलं बरं. अतिनील किरणांपासून पान वाचवायला, किड्याला परतवायला, भुंग्याला बोलवायला ते असतात. लसूणघासाची रोपं ल्युटिओलिन नावाचं फ्लॅव्होनॉइड मातीत सोडून ऱ्हायझोबियम जिवाणूंना सांगावा धाडतात. ते आले की मुळांवर गाठी धरतात. आपली चिंता झाडाच्या हिशेबात नाही. "निसर्गानं आपल्यासाठी योजून ठेवलंय" हे वाक्य जाहिरातीत वाचलं की मला लसूणघास आठवतो.

हंगेरीतल्या सेगेडचे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चं नोबेल मिळालं. क जीवनसत्त्वासाठी लोक त्यांना ओळखतात. पण १९३६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिंबातल्या फ्लॅव्होनॉइडांना 'व्हिटॅमिन पी' असं नाव दिलं होतं. केशवाहिन्यांतून होणारी झिरप याच्यानं थांबते, असा दावा होता. तो टिकला नाही. हे जीवनसत्त्व नव्हे असं ठरून १९५० च्या सुमारास ते नाव मोडीत निघालं. या विषयात उत्साहाच्या भरात दिलेलं पहिलं नाव खोडावं लागलं, हे मी मुद्दाम पहिल्याच प्रकरणात ठेवलं आहे.

दुसरा धागा आपल्याकडचा. फ्लॅव्होनं प्रयोगशाळेत बनवायची एक प्रक्रिया जगभरच्या पाठ्यपुस्तकांत बेकर-वेंकटरामन पुनर्रचना म्हणून शिकवतात. कृष्णस्वामी वेंकटरामन यांना ती १९३३ च्या सुमारास लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात गवसली. साधारण त्याच वेळी इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनाही. पुढे हे वेंकटरामन १९३८ पासून मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे यूडीसीटीचे, संचालक होते, आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचं लक्ष तेव्हा रंगांवर होतं, कापडाला लागणाऱ्या आणि झाडात सापडणाऱ्या. पाषाण रस्त्यानं जाताना ती इमारत दिसली की माझ्या विद्यार्थ्यांना मी हटकून ही गोष्ट ऐकवतो, आणि ते हटकून कंटाळतात.

आता चिंता. फ्लॅव्होनॉइडांचा आणि चिंतेचा संबंध पहिल्यांदा जुळला तो सुजेच्या वाटेनं नव्हे. जुळला कृष्णकमळाच्या वाटेनं. ज्या वेलीच्या फुलात आपण शंभर कौरव, पाच पांडव आणि वरचे ब्रह्मा-विष्णू-महेश मोजतो, तिची जात पॅसिफ्लोरा. त्यातल्या एका दक्षिण अमेरिकी प्रजातीतून बुएनोस आयरेसच्या गटानं क्रायसिन नावाचं फ्लॅव्होन वेगळं केलं. मेंदूत ज्या जागी डायझेपामसारखी चिंतेवरची औषधं बसतात, तिथेच क्रायसिनही बसतं असं त्यांना दिसलं, आणि १९९४ मध्ये त्यांनी लिहिलं, की ते दिलेले उंदीर धीट होतात पण झोपाळत नाहीत. पुढच्याच वर्षी याच वर्तुळातून कॅमोमाइलच्या फुलातल्या एपिजेनिनचा तसाच निबंध आला. कॅमोमाइल म्हणजे युनानीतला बाबूना, शेवंतीच्या कुळातला. त्या काळात आमच्या क्षेत्रात केवढी खळबळ होती! झोप न आणणारं डायझेपाम, तेही फुलातून. नंतरच्या प्रयोगांत चित्र इतकं स्वच्छ राहिलं नाही. एपिजेनिन त्या जागी किती घट्ट बसतं आणि त्याचा परिणाम तिथूनच होतो का, यावर एकमत झालं नाही.

उंदीर धीट झाला हे ठरवतात कसं, ते एकदा डोळ्यांनी बघावं असं आहे. जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर अधिकच्या चिन्हासारखा एक माचा असतो. चार फाट्यांपैकी दोहोंना भिंती, दोन उघडे. उंदराला मधोमध सोडायचं आणि पाच मिनिटं बघायचं. घाबरट उंदीर भिंतीच्या फाट्यात शिरून बसतो. तोंड बाहेर काढतो, मिशा थरथरवतो, पुढचा एक पाय उघड्या फळीवर टेकतो, पुन्हा आत. डायझेपाम दिलेला सरळ उघड्या फळीवर टोकापर्यंत जाऊन खाली वाकून बघतो. एवढ्यावरून औषधाची बरी-वाईट परीक्षा होते. मी स्टॉपवॉच घेऊन शेकडो वेळा हे मोजलं आहे, आणि एक खोच सांगतो. सूज आणण्यासाठी जिवाणूचं विष टोचलेला उंदीर भिंतीआड बसून राहतो, तो भ्यालेला असतो की त्याला नुसती कणकण असते? एकूण किती फेऱ्या मारल्या हे न मोजता काढलेला निष्कर्ष मी वाचतच नाही. अशा निबंधांची संख्या लहान नाही.

सुजेची वाट उघडली ती वेगळीकडून. २००८ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या गटानं दाखवलं, की ल्युटिओलिन मायक्रोग्लियातून इंटरल्यूकिन-६ बाहेर पडू देत नाही. त्यांनी ते उंदरांना आधी तीन आठवडे पिण्याच्या पाण्यातून दिलं, मग विष टोचलं, तर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्येही ते सायटोकाइन कमी वाढलं. ल्युटिओलिन सेलरीत असतं, ढोबळी मिरचीत असतं. मग एपिजेनिन, क्वेरसेटिन, आणि संत्र्या-मोसंबीतलं हेस्पेरिडिन अशी रांगच लागली. काचेच्या बशीत ही सगळी सूज शमवतात. इथपर्यंत वाचून माणूस भाजीबाजाराकडे धावतो.

धावण्याआधी आतडं आणि यकृत मधे येतं. नेदरलँड्समधल्या पेटर होलमन यांच्या गटाचा १९९५ चा निबंध मी मुलांकडून दर वर्षी वाचून घेत असे. त्यांनी शस्त्रक्रियेनं मोठं आतडं काढलेल्या नऊ जणांना क्वेरसेटिन तीन रूपांत दिलं. कांद्यातून दिलेलं ५२ टक्के शोषलं गेलं, शुद्ध पूड दिली तर २४ टक्के, आणि रुटिन या रूपात, जे चहात असतं, १७ टक्के. कांद्यात क्वेरसेटिनला ग्लुकोजचा रेणू चिकटलेला असतो, त्या साखरेच्या जोरावर ते पार होतं. बाटलीतली पूड कांद्याला हरली! लासलगावच्या कुणा आडत्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "भाव वाढंल का त्यानं?"

पण शोषलं जाणं आणि जसंच्या तसं रक्तात फिरणं यांत अंतर आहे. आतड्याची भिंत ओलांडतानाच आणि मग यकृतात त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलं जातं. शरीराच्या दृष्टीनं हा परका माल. त्याला बेड्या घालून लघवीवाटे बाहेर काढायचं. भरपूर कांदा खाल्ल्यावरही रक्तातली पातळी सहसा एक मायक्रोमोलरच्या आसपासच राहते, आणि तीही बेड्या घातलेल्या रूपाची. काचेच्या बशीत संशोधक दहा, पन्नास, कधी शंभर मायक्रोमोलर मोकळं क्वेरसेटिन ओततात. शिवाय क्वेरसेटिन बदनाम आहे. अनेक चाचण्यांत ते खऱ्या परिणामाशिवायही सकारात्मक उत्तर देतं. रसायनशास्त्रज्ञ अशा रेणूंची वेगळी यादी ठेवतात आणि क्वेरसेटिन त्यात ठळकपणे आहे.

इतकं झाल्यावर मी हा विषय सोडून द्यायला हवा होता. सोडला नाही तो एका गोष्टीमुळे. जपानी संशोधकांनी दाखवलं, की सूज आलेल्या ठिकाणी जमणाऱ्या पांढऱ्या पेशी बीटा-ग्लुकुरॉनिडेझ नावाचं विकर सोडतात, आणि ते विकर ल्युटिओलिनची ग्लुकुरॉनिक आम्लाची बेडी तोडू शकतं. म्हणजे रक्तात निष्क्रिय फिरणारा रेणू जिथे आग लागली आहे नेमका तिथेच मोकळा होण्याची शक्यता आहे. निरोगी जागी तो बेड्यांतच राहील. माणसाच्या मेंदूत हे असंच होतं असं मी म्हणत नाही. पण खरं असेल तर सूज नसलेल्या माणसाला फ्लॅव्होनॉइड देऊन काही न होणं हे अपयश ठरत नाही, ती अपेक्षाच ठरते. या पुस्तकाचा मधला, सगळ्यांत लांब भाग या एका शक्यतेभोवती फिरतो.

माणसांवरच्या चाचण्यांकडे आता या नजरेनं बघू. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं २००९ मध्ये सार्वत्रिक चिंताविकाराच्या ५७ जणांना आठ आठवडे कॅमोमाइलचा अर्क किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच कॅप्सूल, दिली. अर्कात एपिजेनिन १.२ टक्के ठेवलेलं होतं. चिंतेचे गुण अर्कवाल्यांत जास्त घटले. मग २०१६ ची मोठी चाचणी. १७९ जणांना रोज १५०० मिलिग्रॅम अर्क दिला. त्यातल्या बरं वाटलेल्या ९३ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटून निम्म्यांना अर्क, निम्म्यांना प्लासिबो, २६ आठवडे. अर्कावर राहिलेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना चिंता उलटली, प्लासिबोवाल्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण अर्कवाल्यांची लक्षणं सौम्य राहिली, हा फरक उतरला. कृष्णकमळाच्या भावकीचीही एक चाचणी आहे, तेहरानची, २००१ ची: ३६ रुग्ण, चार आठवडे, एका गटाला पॅसिफ्लोराचे थेंब आणि दुसऱ्याला ऑक्सॅझेपाम हे डायझेपामच्या जातीचं औषध. दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. ३६ ही संख्या मात्र एका एसटीत मावते.

या तिन्ही चाचण्यांत लोक घेतले ते चिंतेच्या लक्षणांवरून. सूज किती आहे ते बघून निवड केली नव्हती. ती केल्यानं काय फरक पडतो, याचा धडा शेजारच्या आजारात, नैराश्यात, मिळाला आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात २०१३ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ-अल्फाला आवळणारं, सांधेवाताचं जालीम औषध दिलं. एकूण निकाल शून्य. पण सीआरपी लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर असलेल्यांपुरतं पाहिलं तर औषधाचं पारडं जड होतं. कमी सीआरपीवाल्यांत प्लासिबोवालेच बरे निघाले. सगळ्यांची बेरीज केली की दोन उलट गोष्टींनी एकमेकींना खाऊन टाकलं होतं.

चिंतेत सीआरपी वाढलेलं असतं का? सरासरीनं, सार्वत्रिक चिंताविकारात, थोडं वाढलेलं सापडतं. नेदरलँड्सच्या एका मोठ्या पाहणीत ते पुरुषांत दिसलं, आणि पन्नाशीनंतर चिंता सुरू झालेल्यांत जास्त ठळक होतं. पण अमेरिकेच्या ग्रेट स्मोकी पर्वतभागातल्या मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवणाऱ्या अभ्यासात हा संबंध वजन आणि औषधं हिशेबात धरताच बराचसा विरघळला. म्हणजे चिंतेमुळे खाणं वाढतं, वजन वाढतं, त्यानं सूज वाढते, असाही उलटा प्रवास शक्य आहे. कॅप्सूलवाल्या त्या मुलीचं वय वीस होतं आणि परीक्षा पंधरा दिवसांवर. तिच्या धाकधुकीमागे सूज असण्याची शक्यता मला फारच कमी वाटते. साठीचे, सांधे धरलेले, पोट सुटलेले आणि अलीकडेच घाबरट झालेले तिचे आजोबा कदाचित योग्य उमेदवार असते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दोन गोष्टी घाईघाईनं. हळद या पुस्तकात नाही, कारण करक्युमिन फ्लॅव्होनॉइड नव्हे; दोन्ही पॉलिफेनॉल, पण सांगाडा वेगळा. सांगलीकरांनी रागावू नये. आणि 'वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी' या समजुतीसाठी एक उदाहरण पुरे. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्या सत्तरीच्या एका बाईंना कॅमोमाइलचा चहा आणि लोशन वापरल्यावर शरीरात रक्तस्राव झाल्याची नोंद कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात २००६ मध्ये आली. गाजरगवताची ॲलर्जी असणाऱ्यांनीही जपावं, कूळ एकच आहे. चालू असलेली चिंतेची गोळी हे पुस्तक वाचून कुणी बंद केली तर तो माझा पराभव समजेन. रोज कांदा, कोकम, जांभूळ, शेवग्याचा पाला खायला कुणाची परवानगी लागत नाही. १०० ग्रॅम कांद्यात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेरसेटिन असतं, आणि बरंचसं बाहेरच्या पाकळ्यांत, ज्या आपण हात सैल सोडून सोलून टाकतो.

आभार मानायचे ते मेसच्या मावशींचे. इतकी वर्षं त्यांनी प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी टरफलं निवडून, माती झटकून पिशवीत भरून ठेवली. पुस्तकाचं हस्तलिखित छापायला दिलं त्या दिवशी मी त्यांना सांगायला गेलो. त्या पोळ्या लाटत होत्या.

"मग सर, निघालं का औषध टरफलातून?"

"अजून नाही, मावशी."

"मग टाकून देऊ का यंदा?"

"नको, राहू द्या. गुरुवारी बॅच आहे."

त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं, ओट्याखालची पिशवी बाहेर ओढली आणि आतलं टरफल वाळलंय का ते बोटांनी चुरून बघितलं.